नाव सोडून काहीही विचारा

अमरावतीची आमची शाळा १९५८ च्या जूनमध्ये बहुउद्देशीय झाली. म्हणजे नेमकं काय झालं, हे शाळेच्या शिपायालाही सांगता येत नव्हतं. पण फाटकावर नवी पाटी लागली आणि नववीच्या पोरांना विषयांचे गट निवडायची मुभा मिळाली. मुलांनी तांत्रिक, शेती किंवा वाणिज्य घ्यावं आणि मुलींनी गृहविज्ञान, असं कुठं लिहिलेलं नव्हतं, तरी सगळ्यांना ते पाठ होतं. वाणिज्याच्या वर्गात त्या वर्षी दोनच मुली बसल्या. एक मी, शालू, शेंदूरजनाघाटची. माझ्या बाबांना संत्र्याच्या बागेचा कारभार लिहायला घरचं माणूस हवं होतं, म्हणून त्यांनी मला शिकायला राजापेठेत मावशीकडे ठेवलं होतं. दुसरी पंचफुला तंतरपाळे. ही गोष्ट तिची.

पंचफुला उंच होती, काटक होती आणि तिला हळू बोलता येत नव्हतं. कानात सांगायची गोष्टही ती अशी सांगायची की तिसऱ्या बाकावरचा मुलगा उत्तर द्यायचा. तिचे वडील जानराव कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. दोन वर्षांपूर्वी ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि आल्यावर त्यांनी घरात दोन गोष्टी जाहीर केल्या: देव्हारा बंद, आणि पोरगी हापिसात बसन. मग एक दिवस ते कामाच्या कपड्यांतच शाळेत आले, केसांना कापूस चिकटलेला, आणि त्यांनी कारकुनाला विचारलं, "हापिसात बसाचं शिक्षन कोन्तं?" कारकुनानं वाणिज्याकडे बोट दाखवलं. झालं, ठरलं.

आम्हाला 'कार्यालय पद्धती' हा विषय धर्माळे सर शिकवायचे. टायपिंग, पत्रव्यवहार आणि फायली लावणं. त्यातलं शेवटचं प्रकरण पोरांना अगदी नकोसं होतं. कागद ठेवायला काय शिकायचं? कपाट उघडायचं आणि ठेवायचे. देवीदास नावाच्या एका मुलानं हे सरांना तोंडावर सांगितलं.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "ठेवनं सोपंच हाय गा. सापडनं कठीन. तू सकाळी चप्पल कुठी ठेवली होती ते घरी गेल्यावर आठवून पाह्य."

दिवाळीनंतर सर नागपूरला कसल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि येताना तिथं पाहिलेली एक नवलाई डोक्यात घेऊन आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या प्रत्येकाच्या नावाचं एक कार्ड करून आणलं. कार्डाच्या वरच्या कडेला ओळीनं भोकं. एकेक भोक म्हणजे एकेक प्रश्न. पहिलं भोक, सायकल आहे का? दुसरं, डबा आणतो का? तिसरं, शुद्धलेखन कच्चं आहे का? उत्तर 'हो' असेल तर ते भोक कात्रीनं वरपर्यंत कापून उघडं करायचं. 'नाही' असेल तर तसंच राहू द्यायचं. मग सगळी कार्डं एकत्र धरली, खिशातून विणायची लांब सुई काढली, ती डब्याच्या भोकातून आरपार घातली आणि गठ्ठा उचलून हलवला. ज्यांची भोकं कापलेली होती ती कार्डं टपाटप टेबलावर पडली. बाकीची सुईवर लटकत राहिली.

"हे डबा आननारे," सर म्हणाले. "न पाहता, न वाचता."

पोरं हसली. कोणाला तरी वाटलं, सर जादूचे प्रयोग करून राहिले. ती सुई सरांच्या बायकोची, बेबीताईंची होती आणि त्या तिच्यावर सरांचाच स्वेटर विणत होत्या, हे आम्हाला नंतर कळलं. तो स्वेटर पुढं बरीच वर्षं एका बाहीचा राहिला.

पंचफुला मात्र हसली नाही. ती उठून टेबलाजवळ गेली. "सर, पुन्हा करा."

सरांनी पुन्हा केलं.

"सर, एक सुई म्हंजे एक प्रश्न. एकाच टायमाले दोन सुया घातल्या तं?"

सरांनी डोकं खाजवलं. मग शांतपणे म्हणाले, "दुसरी सुई बेबीजवळ हाय. उद्या आनतो."

दुसऱ्या दिवशी दोन सुया आल्या. एक सायकलीच्या भोकात, एक कच्च्या शुद्धलेखनाच्या. हलवल्यावर फक्त तीच कार्डं पडली ज्यांच्या मालकांकडे सायकल होती आणि ज्यांचं शुद्धलेखन बिघडलेलं होतं. त्यात देवीदास होता. पंचफुला टाळ्या वाजवत म्हणाली, "हे तं माणसं चाळाची चाळनी झाली!" त्या दिवसापासून ती वाणिज्याच्या वर्गात खऱ्या अर्थानं शिकायला लागली.

दहावीत गेल्यावर त्या थंडीत बहिरमच्या जत्रेला स्वयंसेवक म्हणून जायचं ठरलं. बहिरमची जत्रा महिनाभर चालते. डोंगराच्या पायथ्याशी बैलबाजार, तंबू, हंड्यांत शिजणारं मटण, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे रोडगे आणि धुळीचा एक पडदा. गर्दी अशी की उभ्या माणसाला बसायला जागा नाही आणि बसलेल्याला उठायला. यात्रा कमिटीनं हरवल्या-सापडल्याच्या मंडपासाठी शाळेकडे पोरं मागितली होती. सर, बेबीताई, आम्ही दोघी आणि सहा मुलं, असे आम्ही शनिवारी सकाळच्या मोटारीनं गेलो.

आम्ही पुस्तकाप्रमाणे व्यवस्था लावली. दोन रजिस्टरं. सापडलेल्या लेकरांचं एक, शोधायला आलेल्या माणसांचं एक. दोन्ही नावाच्या अक्षरानुसार. वर्णानुक्रमी सूची, पान एकशे बारा. रजिस्टरंही अगदी नवी कोरी होती.

दुपारपर्यंत सगळा बोजवारा उडाला.

"नाव काय बाळा?"

"बाबू."

"बापाचं?"

"बाबा."

"गाव कोन्तं?"

"आमचं गाव."

ब च्या पानावर जागाच उरली नाही. जेवढे मुलगे सापडले तेवढे सगळे बाबू नाहीतर बाळ्या, जेवढ्या मुली तेवढ्या बाई नाहीतर गुड्डी. आणि त्यांना शोधायला येणारे आईबाप सांगत, ज्ञानेश्वर, भीमराव, कौसल्या. कर्ण्यावरून देवीदास घसा फोडून ओरडत होता, "बाबू नावाचा मुलगा, निळी चड्डी!" आणि अर्धी जत्रा मंडपाकडे धावत येत होती, कारण सगळ्यांच्याच घरी एक बाबू. एका बाईनं तर पंचफुलाला धरून हलवलं. "माह्यं लेकरू दे व! चोपडीत काय पाहून राहिली?"

संध्याकाळी त्याहून विचित्र घडलं. मंडपाच्या मधोमध एक कनात लावलेली होती. इकडे लेकरं बसायची, तिकडे वाट पाहणारी माणसं. इकडे सकाळपासून एक पाच वर्षांचा पोरगा मुळूमुळू रडत होता. तिकडे एक म्हातारे आजोबा दुपारपासून गुडघ्यांत डोकं घालून बसले होते. त्यांचा नातू ज्ञानेश्वर हरवला होता. आमच्याकडे ज्ञानेश्वर नव्हता. आजोबांना धुळीनं खोकला आला. ते मोठ्यानं दोनदा खोकले, आणि इकडचा पोरगा ताडकन उठून कनातीखालून सरपटत पलीकडे गेला. "आबा!"

दोघं दुपारपासून हातभर अंतरावर बसून रडत होते.

सगळे हसले, आजोबाही डोळे पुसत हसले. पंचफुला मात्र त्या कनातीकडे पाहत उभी राहिली. परतीच्या मोटारीत अर्धा रस्ता ती बोललीच नाही, ही तिच्यासाठी फारच मोठी गोष्ट होती. मग एकदम म्हणाली, आणि अख्ख्या मोटारीनं ऐकलं, "शालू, त्या पोट्ट्यानं खोकला ओळखला व. नाव नाई ओळखलं. आपन लेकराले त्याले माहीत नसलेलं विचारून राहिलो. त्याले जे माहीत हाय ते विचारलंच नाई."

"त्याले काय माहीत असते?" मी विचारलं.

"तूच सांग. तू पाच वर्षांची होती तवा तुले काय माहीत होतं?"

मी विचार केला. आमच्या बंडीचे, म्हणजे बैलगाडीचे, बैल. एकाच्या कपाळावर चांद होता आणि दुसरा पाणी पिताना शेपटी हलवायचा. वडिलांचं पूर्ण नाव मला शाळेत गेल्यावर कळलं, पण बैल मला जन्मापासून माहीत होते.

पंचफुलानं माझ्या पाठीवर थाप मारली. ती अजून आठवते.

रजिस्टरांऐवजी कार्डं आणि सुया वापरू, असं पंचफुलानं सरांना सांगितलं आणि त्यांनी आठवडाभराची मुदत दिली. राजापेठेतल्या एका छापखान्यातून लग्नपत्रिकांच्या कागदांचे जाड तुकडे मागून आणले. शाळेच्या ऑफिसातलं भोकं पाडायचं यंत्र मिळालं, आणखी सुया बेबीताईंनी शेजारणींकडून आणून दिल्या. आणि आम्ही मावशीच्या घरी पुढच्या खोलीत बसून कार्डं करायला लागलो. पंचफुला आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा दप्तरातून स्वतःचा पितळी पेला घेऊन आली होती. मावशीनं तो पाहिला. वरून पाणी ओतून दिलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मावशी आमच्याजवळ येऊन बसली आणि कार्डांवरचे प्रश्न ऐकता ऐकता तिच्यानं राहवलं नाही. "अव, बैलंच काय विचारता? घरी म्हातारी हाय का थे विचारा. लेकरू बापाले इसरन पन आजीले इसरत नाई." पंचफुलानं ताबडतोब एक भोक आजीला दिलं. त्या दुपारी मावशीनं चहा केला आणि तिघींच्या पुढं घरातल्याच कपबशा ठेवल्या. पंचफुलानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कप उचलला. पेला त्यानंतर दप्तरात दिसला नाही.

पुढच्या शनिवारी जत्रेत रजिस्टरं नव्हती. दोन टेबलं होती आणि दोन्हीकडे सारखीच कार्डं. कनातीच्या इकडे लेकराला विचारायचं, तिकडे माणसांना. बंडीनं आले का? घरी पांढरा बैल आहे का? म्हैस आहे का? आजी सोबत आली का? गावाजवळ नदी आहे का? नाव शेवटी, तळाशी, वाटलं तर. तिकडून आई आली की ज्यांना तिनं 'हो' म्हटलं त्या भोकांत सुया घालायच्या आणि लेकरांचा गठ्ठा हलवायचा.

पहिली आई आली. चार उत्तरं, चार सुया. दोन कार्डं पडली. दोन्ही लेकरं पुढं आणली, तिनं एकाला उचललं. देवीदासला कर्ण्यावर ओरडावंच लागलं नाही. तो बिचारा कर्णा हातात धरून बसून राहिला.

मग एक अडलं. एका बाईनं सगळी उत्तरं दिली, सुया घातल्या, हलवलं, एकही कार्ड पडेना. आणि बाईला तर कनातीच्या फटीतून आपली लेक दिसत होती! पंचफुलानं त्या लेकीचं कार्ड हाती घेतलं. बंडीचं भोक कापलेलं नव्हतं.

"हे कोनं लिहिलं?"

"म्या," एक मुलगा म्हणाला. "विचारलं तं ते बोललीच नाई. म्हनून नाई धरलं."

"गप्प बसनं म्हंजे नाई होते का रे?" पंचफुलाचा आवाज पार बैलबाजारापर्यंत गेला असेल. "हाव म्हंजे हाव. नाई म्हंजे नाई. अन् गप्प म्हंजे माहीत नाई! थे तिसरंच हाय!"

सर शेजारी उभे होते. त्यांनी हळूच मान हलवली. पुस्तकात हे कुठंच नव्हतं. त्यानंतर ज्या लेकरांनी उत्तरच दिलं नाही त्यांची कार्डं वेगळी ठेवून हातानं तपासायची, असा नियम तिनं लावला, आणि मग कोणी अडकलं नाही.

रविवारी दुपारी दुर्गाबाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या, तांबडं लुगडं, तोंडात पान. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "लिहा."

"आजी, तुमी हरवल्या का?" मी विचारलं.

"मी कायले हरवू? मी तं इथीच हावो. आमचे लोकं हरवले. लेक, सून, दोन नातू, सगळेच्या सगळे."

मी त्यांचं कार्ड केलं. थोड्या वेळानं पलीकडच्या टेबलावर एक घामाघूम माणूस आला. किसनराव त्याचं नाव. "माय हरवली हो! म्हातारी हाय, हिरवं लुगडं हाय, लवकर पाहा." आम्ही मोठ्या माणसांसाठी कपड्यांची भोकंही ठेवली होती. हिरव्याची सुई घातली, म्हातारीची घातली, हलवलं. काही पडलं नाही. किसनराव तिथंच डोकं धरून बसला. "गेली माय माह्यी!"

पंचफुलानं हिरव्याची सुई ओढून काढली. "लुगडं सोड. लुगडं बदलते. जे बदलत नाई थे विचार." मग किसनरावाकडे वळली. "दादा, बंडीचे बैल कसे हायेत?"

किसनरावाला वाटलं, ही पोरगी वेडी आहे. माय हरवली आणि ही बैल विचारून राहिली. पण तो शेतकरी होता. बैलाबद्दल विचारलं की उत्तर आपोआप येतं. "एक धवळा, एक एकशिंग्या. एक शिंग लहानपनीच मोडलं त्याचं."

बैलात काही वेगळं असलं तर त्याचं एक भोक होतं. सुई घातली. तीन कार्डं पडली. तिसऱ्याच्या तळाशी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'एकशिंग्या'.

कनात बाजूला केली. दुर्गाबाई खुर्चीवर ऐटीत बसलेल्या. किसनराव धावला आणि मध्येच थांबला. "माय! हे तांबडं लुगडं कवा घेतलं?"

"तू नको म्हनशीन म्हनून तर एकटी गेली होती," दुर्गाबाई म्हणाल्या. "चाल आता. सुनेले सापडले का पोरं?"

त्या दिवशी सूर्य डोंगराआड गेला तेव्हा इकडच्या बाजूला एकही लेकरू उरलं नव्हतं. बेबीताईंनी आम्हाला रोडगे आणि वांग्याची भाजी वाढली आणि पंचफुलानं इतके रोडगे खाल्ले की सर म्हणाले, "हिचंही एक कार्ड करा, पोटाचं भोक मोठं ठेवा."

मॅट्रिकच्या परीक्षेत प्रश्न आला, वर्णानुक्रमी सूचीचे फायदे लिहा. पंचफुलानं फायदे लिहिले, आणि पुढं दीड पान तोटे लिहिले, बहिरमसकट, एकशिंग्या बैलासकट. परीक्षक कोण होते कोणास ठाऊक, त्यांनी त्या विषयात तिला जेमतेम काठावर पास केलं. ती चिडून सरांकडे गेली. सर खो खो हसले. "त्या परीक्षकाले एक डाव जत्रेत नेऊन हरवला पाहिजे," ते म्हणाले, आणि मग गंभीर होऊन: "पंचफुला, तू हे शिकव. परीक्षेत लिहून उपेग नाई, वर्गात उभी राहून शिकव."

ते तिच्या मनात राहिलं. दोन वर्षं ती चांदूर रेल्वेला एका कचेरीत टायपिस्ट होती. सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी, आणि मधल्या वेळात वाणिज्याच्या पदविकेचा अभ्यास. १९६३ साली अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेला 'कार्यालय पद्धती' शिकवणारी बाई हवी होती. मुलाखतीत तिला विचारलं, "मोठ्या वर्गावर तुमचा आवाज पोचेल का?" ती म्हणाली, "पोचन," आणि खिडकीतली कबुतरं उडाली. नोकरी मिळाली.

अकोल्याला तिनं बौद्ध वस्तीत खोली घेतली. मी तोपर्यंत लग्न होऊन वरुडला गेले होते. पण वर्षातून दोनदा तिच्याकडे जायचेच, जाताना संत्र्यांची टोपली घेऊन. तिथं एक नवीच गोष्ट सुरू झालेली पाहिली. धर्मांतरानंतर वस्तीतल्या लोकांनी कुंडल्या-बिंडल्या सोडून दिल्या होत्या. आता मुलामुलींची स्थळं जुळवायची कशावर, हा प्रश्न म्हाताऱ्यांना पडला होता. कोणी तरी सांगितलं, तंतरपाळे बाई सुईनं माणसं शोधते. मग काय, लोक दारात.

"आमच्या पोरांचे कार्डं करा बाई, अन् पोरींचे. सुई घाला, पडन ते पडन."

पंचफुलानं ऐकून घेतलं. "करतो. पन पोरांच्या कार्डावरचे प्रश्न पोरी ठरवतीन. अन् पोरींच्या कार्डावरचे पोरं."

म्हाताऱ्यांना ते विचित्र वाटलं, पण कुंडली नाही म्हटल्यावर हेही चालेल असं म्हणाले. मुलांनी मुलींसाठी प्रश्न दिले: रंग गोरा का, स्वयंपाक येतो का, लाजते का. मग पंचफुलाच्या खोलीत वस्तीतल्या मुली जमल्या, दार आतून लावलं आणि तासभर आतून हसण्याचे आवाज येत राहिले. बाहेर आलेले प्रश्न असे होते: बायकोले पुढं शिकू देशीन का? आईसमोर बायकोची बाजू घेशीन का? चहा करता येतो का? पगार झाल्यावर सरळ घरी येतो का? आणि शेवटचा, घोरतो का?

मुलांचे बाप भडकले. "हे काय प्रश्न हायेत? घोरनं पाहून सोयरीक होते का?" अर्धी कार्डं कोरीच परत आली. ज्यांनी भरली त्यांनी सगळीकडे 'हो, हो, हो' आणि घोरण्यापुढं 'नाही' लिहिलं. सगळीच्या सगळी सारखी. सुई घातली तर एक तर सगळी पडायची किंवा एकही नाही. पंचफुला मला म्हणाली, "शालू, हे कार्डं नाई, आरती हाय. सगळे एकच म्हनून राहिले."

फक्त एक कार्ड वेगळं होतं. देवमन नावाच्या मुलाचं. अकोला स्टेशनवर पार्सल ऑफिसात कारकून. त्यानं कार्ड स्वतः आणून दिलं होतं. 'आईसमोर बायकोची बाजू घेशील का' याच्यापुढं त्यानं लिहिलं होतं, 'तिची बाजू बरोबर असली तर'. चहापुढं, 'येतो, पण साखर जास्त पडते'. आणि घोरण्यापुढं, 'माहीत नाही. तेव्हा मी झोपलेला असतो. आईला विचारावं.'

पंचफुला हसता हसता खाटेवर बसली. मग हसणं थांबवून ते कार्ड पुन्हा वाचलं. "शालू, अख्ख्या वस्तीत यालेच कळलं व. माहीत नाई म्हंजे माहीत नाई." तिचा आवाज एवढा हळू मी पहिल्यांदाच ऐकला.

दुसऱ्या दिवशी ती खरंच देवमनच्या आईकडे गेली. शेवटी पंचफुलाच ती. आईनं तिला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "घोरते तर! रेल्वेसारखा. पन तू कोनासाठी विचारून राहिली?"

"माह्यासाठी," पंचफुला म्हणाली.

१९६५ च्या उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं. पांढरी साडी, वंदना, आणि स्टेशनवरच्या हमालांनी वाजवलेला बँड. धर्माळे सर आणि बेबीताई अमरावतीहून आले. बेबीताईंनी नवरीला विणायच्या सुयांची नवी जोडी दिली आणि म्हणाल्या, "ह्या वर्गात नेऊ नको. ह्या घरच्या."

लग्नानंतर कार्डं जुळवायचा उद्योग तिनं बंद केला. म्हणायची, माणसं खोटं सांगतात तिथं सुई काय करणार. त्यापेक्षा लेकरं बरी, ती बैल खरा सांगतात. शाळेत मात्र तिचा वर्ग जोरात होता. पोरींना ती एकच गोष्ट घोकून घ्यायची: कागद कुठं ठेवायचा हे नंतर, आधी कोण काय विचारत येणार आहे ते ठरवा. तिच्या वर्गातल्या मुली पुढं कचेऱ्यांत, बँकेत, पोस्टात लागल्या. एक तर दवाखान्यात केसपेपर सांभाळायला लागली आणि तिनं पहिल्याच आठवड्यात तिथल्या कपाटांची उलथापालथ केली.

१९६७ मध्ये जानराव कामातून मोकळे झाले आणि पंचफुलाची आई भागीरथा हिच्यासह लेकीकडे राहायला आले. मी त्याच आठवड्यात अकोल्याला गेले होते. सकाळी पंचफुला शाळेला निघाली तर म्हातारे धोतर-कोट घालून, टोपी लावून दारात उभे.

"कुठी बाबा?"

"तुह्या शाळेत. एवढी वर्षं तू शिकली, शिकवून राहिली. आतमधी काय असते थे म्या कवा पाह्यलंच नाई. हापिसापावतर गेलो, वर्गात नाई गेलो."

मुख्याध्यापिकेची परवानगी घेऊन आम्ही दोघं, जानराव आणि मी, शेवटच्या बाकावर बसलो. मुली मागं वळून वळून पाहत होत्या. पंचफुलानं हजेरीपट उघडला आणि एकेक नाव घ्यायला लागली. मुली 'हजर बाई, हजर बाई' म्हणत गेल्या. जानराव मान पुढं काढून ऐकत होते, एखादं गाणं ऐकावं तसे. शेवटचं नाव झालं, तिनं पट मिटला.

"अन् माह्यं?" मागून जानराव म्हणाले.

वर्ग हसला. पंचफुला गोंधळली. "बाबा, तुमचं नाव कसं घेऊ?"

"घे ना. इथी तू बाई हायेस. मी विद्यार्थी."

तिनं पट पुन्हा उघडला. खाली पाहिलं, मग वर पाहिलं. आवाज नेहमीसारखा मोठा काढायचा प्रयत्न केला, पण तो थोडा ओलाच आला.

"जानराव सखाराम तंतरपाळे."

म्हातारे उभे राहिले. टोपी सरळ केली, हात कोटाच्या बाजूला ताठ धरले. "हजर, बाई."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. जानराव खाली बसले, शेजारच्या मुलीकडे वळले आणि हळूच तिला म्हणाले, "पोरी, एक पेन्सिल दे. बाईनं काही लिहाले सांगतलं तं?"